चौपाटीवरची वांगी

आमच्या पवनेला समुद्र समजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे कंपनीचा मोठा साहेब.

छप्पन-सत्तावन्न सालची गोष्ट. पिंपरीच्या माळावर कंपनी उभी राहून वर्ष झालं होतं आणि साहेबाच्या बाईसाहेबांना मुंबईची आठवण येत होती. त्यांना म्हणे संध्याकाळी वाळूवर बसून भेळ खायची सवय. आमच्याकडं वाळू होती, संध्याकाळ तर रोजच होती, भेळवाला पुण्याहून आणता येत होता. समुद्र तेवढा कमी पडत होता. मग साहेबानं ठरवलं की वर्षाचा सोहळा नदीकाठी करायचा, रंगीत दिव्यांत कारंजं उडवायचं आणि वाळवंटात लाल अक्षरांची पाटी ठोकायची: चौपाटी. जिथं म्हशी बसायच्या तिथं सोफे येणार होते. म्हशींना कुणी विचारलं नाही.

मी झुलेखा, बरकत इंजिनवाल्याची बायको. इंजिनवाला म्हणजे रेल्वेचा नव्हे. नदीकाठच्या विहिरीवर गावचे मोठे बागायतदार नानासाहेब यांचं तेलाचं इंजिन होतं, ते माझा नवरा चालवायचा. नवरा गुणी होता. पण कुणी काही सांगितलं की त्याच्या तोंडून आधी 'जी' निघायचं आणि सांगितलेलं काय होतं ते त्याला मागाहून कळायचं. कंपनीत पर्मनंट होण्याची त्याला फार आशा होती. कारंज्याला पाणी पुरवायचं काम साहेबानं त्याच्यावर टाकलं, तेव्हापासून तो झोपेतसुद्धा 'जी साहेब' म्हणत होता.

आधी त्यानं नदीचं पाणी वापरून पाहिलं. उन्हाळ्यातली पवना म्हणजे निम्मं पाणी, निम्मा गाळ. कारंज्याच्या तोट्यांची बारीक भोकं पाच मिनिटांत बुजली. साहेबाचं तोंड उतरलं, तसे नानासाहेब पुढं झाले आणि म्हणाले, "आपली विहीर हाय की साहेब. चांगलं नितळ पाणी. हवं तेवढं घ्या."

आपली. हा शब्द ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ती विहीर एकट्या नानासाहेबांची नव्हतीच.

ती होती चार हिश्श्यांची. त्यातले तीन हिस्से भाऊबंदांकडून नानासाहेबांकडं आले होते आणि चौथा होता त्यांच्या चुलतभावाचा, म्हणजे माझी मैत्रीण दुर्गाबाई, तिच्या नवऱ्याचा. तीन दिवस पाणी नानासाहेबांचं, चौथ्या दिवशी दुर्गाबाईचं, अशी बारी ठरलेली. दर साली पाडव्याला पहिली बारी धरून मोजायला लागायचं. हे कागदावर कुठं नव्हतं. पाण्याची बारी कागदावर नसते, ती लोकांच्या डोळ्यांत असते. आपल्या दिवशी ज्यानं चार माणसांदेखत दारं धरलं, म्हणजे खोरं हातात घेऊन पाटाचं पाणी आपल्या वाफ्यांत फिरवलं, त्याची बारी. आणि चार माणसांदेखत ज्याचं पाणी दुसरीकडं गेलं नि तो गप्प बसला, त्याची बारी बुडाली. गावाचा कायदा एवढाच होता.

दुर्गाबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मोटेचे बैल विकले गेले. तेव्हा नानासाहेब तोंडात साखर धरून म्हणाले, "वयनी, एकल्या बाईनं कशाला राबायचं? तुमच्या वांग्यांना मीच पाणी सोडीत जाईन." आणि सोडायचे ते, चिमणीच्या आंघोळीपुरतं. बाकीचा चौथा दिवस त्यांच्या उसाला. दुर्गाबाई घरात जाऊन भांडली, पण घरात भांडलेलं भिंती ऐकतात, पंच ऐकत नाहीत. अर्धा एकर वांग्यांवर ती जगत होती, आणि त्या वर्षी वांगी देठापाशीच सुकायला लागली होती.

सोहळ्याच्या तीन दिवस आधी ती माझ्या दारात येऊन बसली.

"झुलेखा, आता संपलंच बघ," ती म्हणाली. "त्या दिवशी सगळ्या गावादेखत हिरीचं पाणी कारंज्याला जाणार. वर भावजींना हिरीचा मालक म्हणून हार घालणार हायती. दुसऱ्या दिसापासून कंपनीच्या चाळींना पाणी द्यायचा करार. मी गप ऱ्हायले तर माझी बारी बुडाली. आन वरडले तर चार गडी मला उचलून बाहेर काढत्याल, म्हणत्याल सोहळ्यात रडगाणं लावलंय."

"सोहळा कोणत्या दिवशी आहे?"

"अक्षय तृतीयेला. भावजींनी पंचांग बघून मुहूर्त काढलाय."

मी बोटं मोजायला लागले. आमच्या घरी पंचांग नव्हतं, पण पाडवा मला पक्का ठाऊक होता. त्या दिवशी दुर्गाबाईनं पुरणपोळी पाठवली होती आणि बरकतनं एकट्यानं चार खाल्ल्या होत्या. मोजून झाल्यावर मी पुन्हा मोजलं. मग मला हसू आवरेना. नानासाहेबांनी पंचांगात राहू पाहिला होता, गुरू पाहिला होता, एक बारी तेवढी पाहायची राहिली होती. आणि का पाहावी? दोन वर्षं दुसऱ्याचा दिवस फुकट खाणाऱ्याला तो दिवस कधी येतो याची मोजदाद कशाला लागते?

"दुर्गाबाई, त्या दिवशी ओरडायचं नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी दारं धरायचं."

"पाणी कुठलं?"

"ते माझ्यावर सोड. तू फक्त पांढरं लुगडं नेस. दिव्यांत उठून दिसेल."

खरं सांगते, तेव्हा माझ्याकडं कसलीच युक्ती नव्हती. ती त्याच रात्री माझा नवरा भाकरीबरोबर घेऊन आला.

कारंजं बांधलं होतं विहिरीशेजारी, नानासाहेबांच्या खळ्यावर. ती जागा उंच. खाली उताराला वाळवंट, तिथं बसून लोकांनी वर कारंज्याकडं पाहायचं. कारंज्याभोवती विटांचा हौद. बरकत घास हातात धरून म्हणाला, "हौद लहान पडला. पाणी उडतंय जास्त, मावतंय कमी. आज बघितलं तर समदं भरून खाली सोफ्यांकडं चाललं. साहेब म्हणतो, बरकत, कुठंतरी वाट काढ. आता मी कुठं वाट काढू?"

खळ्याच्या उजव्या अंगाला, हातभर खाली, दुर्गाबाईची वांगी होती.

"वांग्यांत सोडा की," मी ताटात बघत म्हटलं. "नाहीतरी वाळलीच आहेत. दुर्गाबाई काही बोलायची नाही."

"नानासाहेबांना विचारतो."

"काम कुणाचं आहे? साहेबाचं. मग साहेबाला विचारा. पर्मनंट कोण करणार, साहेब का नानासाहेब?"

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं. कुणी विचारलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. म्हणून मी त्याला खरं सांगितलंच नाही. सकाळी त्यानं साहेबाला विचारलं, साहेब 'गुड' म्हणाला, आणि दुपारपर्यंत हौदापासून दुर्गाबाईच्या बांधापर्यंत छान चर खणून झाला. वरून पाचटही टाकलं, दिसायला बरं म्हणून.

अक्षय तृतीयेला दिवस कलला तशी माणसं लोटली. नदीपलीकडून वाकडची मंडळी बैलगाड्या जुंपून आली. चिंचवडहून टांगे आले. सोफ्यांवर साहेब, बाईसाहेब, अधिकारी आणि नानासाहेब. त्यांच्या मागं खुर्च्या. खुर्च्यांमागं जाड दोर, आणि दोराच्या मागं गाव. पास फक्त दोराच्या पुढच्यांना. मी दोराला अगदी चिकटून बसले, एका हातात भेळ. माझ्याशेजारी दत्तोबा. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पंचांतला सगळ्यांत जुना. विहिरीची बारी त्याच्याच समोर वाटली गेली होती. त्याला मी मुद्दाम हाताला धरून तिथं आणून बसवलं होतं आणि त्यालाही काही सांगितलं नव्हतं.

आधी भाषण. लाऊडस्पीकरचा भोंगा बाभळीला बांधला होता. नानासाहेबांना त्या माइकचा मोह पडला. ते हळूहळू बोलायला लागले आणि आपलाच आवाज नदीपलीकडून परत आल्यावर त्यांना आणखी चेव आला.

"आज अक्षय तृतीया," ते म्हणाले. "आजच्या दिवशी दिलेलं कधी संपत नाही, ते अक्षय होतं. म्हणून मी आजचाच मुहूर्त धरला. आज या नानानं चार माणसांदेखत जे दिलं, ते पिढ्यान्‌पिढ्या दिलं असं समजा."

साहेबानं टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या. भेळ थोडी सांडली.

मग अंधारून आलं आणि विहिरीवर बरकतचं इंजिन टुकटुकायला लागलं. खळ्यावर पाणी उसळलं. आधी पांढरं, माणसाच्या दुप्पट उंच. मग खालून दिवे लागले, त्यांच्यावर जिलेटिनचे कागद फिरले, आणि पाणी लाल झालं, हिरवं झालं, हळदीसारखं पिवळं झालं. आमच्या गावात तोवर वीज नव्हती, ही कंपनीनं तार ओढून आणलेली. रंगीत उजेड आम्ही दिवाळीतल्या काड्यांच्या पेटीत पाहिलेला. माणसं बोलायची थांबली. एका म्हातारीनं हात जोडले. मीही दोन मिनिटं सगळं विसरले, खोटं कशाला बोलू. इतकं सुंदर पाणी मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते वर माझा नवरा उडवत होता. मला फार अभिमान वाटला.

मग उजव्या अंगाला काहीतरी पांढरं हललं.

दुर्गाबाई आली होती. कासोटा घट्ट मारलेला, पदर खोचलेला, हातात नवऱ्याचं खोरं. हौद भरून चरानं पाणी तिच्या पाटात उतरलं होतं आणि त्या पाण्यावर दिव्यांचा लाल उजेड पडला होता. तिनं वाकून पहिल्या सरीचं तोंड उघडलं. लाल पाणी सरीतून धावलं. सरी भरली, तिनं ती मातीनं बुजवली, दुसरी उघडली. तोवर वर कागद फिरला होता. दुसरीत हिरवं गेलं. घाई नाही, गडबड नाही. वीस वर्षं केलेलं काम ती करत होती.

माना हळूहळू उजवीकडं वळायला लागल्या. कारंज्यात रंग होते, पण कारंज्याचं पुढं काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. वाफ्याला पाणी लागताना पुढं काय होतं ते प्रत्येकाला माहीत होतं. "डावी सरी फुटंल गं," कुणीतरी दोराच्या मागून ओरडलं. तिनं डावी सरी सावरली.

दत्तोबानं मला ढोसलं. "कोन हाय तिथं? दारं धरल्यावानी दिसतंय."

"दुर्गाबाई आहे," मी म्हटलं. "दारंच धरलंय."

"आज?" म्हातारा विचारात पडला. त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. मी भेळ खात राहिले.

तेवढ्यात नानासाहेबांनी पाहिलं. ते इतके ताठ झाले की सोफा करकरला. साहेबाशेजारून उठून ओरडावं तर शोभा, बसून राहावं तर चार माणसं नव्हे, हजार माणसं बघताहेत. त्यांनी आपला गडी सयाजी याला खूण केली. सयाजी खोरं घेऊन पळत गेला आणि चराच्या तोंडाशी भराभरा माती टाकून त्यानं पाणी अडवलं. दुर्गाबाई सरीत उभी राहिली. हे मात्र मी धरलंच नव्हतं.

पण पाण्यानं धरलं होतं. इंजिन आपल्या तालात चाललं होतं, हौद भरलाच होता. चर बंद झाल्यावर पाणी काठावरून चढलं आणि उतारानं निघालं, सरळ चौपाटीकडं. वाळू भिजली, तसा पहिला सोफा एका बाजूला कलला. बाईसाहेबांनी पाय वर घेतले. त्यांची एक चप्पल पिवळ्या उजेडातून नदीच्या दिशेनं निघून गेली. कुणीतरी अधिकारी खुर्चीवर उभा राहिला आणि खुर्चीसकट बसला. साहेब उठून म्हणाला, "नानासाहेब, यह क्या है?"

पुढच्या कार्यक्रमासाठी माइक नानासाहेबांच्या हातातच होता. माणूस घाबरला की हातात काय आहे ते विसरतो. ते पूर्ण ताकदीनं ओरडले, आणि बाभळीवरचा भोंगा ते सगळं घेऊन वाकडपर्यंत गेला:

"सयाजी, फोड ते! सोड दुर्गाबाईच्या वावरात! समदं पाणी दुर्गाबाईला सोड!"

नदीपलीकडून आवाज परत आला. दुर्गाबाईला सोड.

सयाजीनं ज्या खोऱ्यानं अडवलं होतं, त्याच खोऱ्यानं चर फोडला. पाणी पुन्हा वांग्यांकडं वळलं. दोराच्या मागं आधी एक हसला, मग सगळं गाव. आणि त्या हसण्यात दत्तोबा काठी टेकत उभा राहिला. त्याला माइकची गरज नव्हती. आयुष्यभर त्यानं एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारल्या होत्या.

"नाना, पाडव्यापास्नं आज कितवा दिस?"

नानासाहेबांनी माइक खाली घेतला.

"मी सांगतो. बत्तिसावा. आठ चोक किती रं पोरांनो?"

"बत्तीस," गाव म्हणालं. परवचा आमच्याकडं सगळ्यांना पाठ होता.

"म्हंजे आज चौथी बारी. दुर्गीची."

आता नानासाहेब सावरले. तो माणूस काही लेचापेचा नव्हता. माइक तोंडाशी धरून ते गोड हसले. "दत्तोबा, बारीचं कशाला काढता? वयनी घरच्याच. मीच दिलं त्यांना पाणी, सणाचं म्हणून."

म्हणजे दान. चतुराई बघा. दान म्हटलं की बारी बुडालीच, वर पुण्य यांचं. माझ्या हातातली भेळ मी खाली ठेवली. आता मला काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

दुर्गाबाई चराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. चिखलात पोटऱ्यांपर्यंत भरलेली, अंगावर हिरवा उजेड. तिनं खोरं मातीत रोवलं आणि मातीचं एक मोठं ढेकूळ उचलून चरावर धरलं.

"भावजी," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "दान आसंल तर मला नगं. मी हे बुजवते. आन माझी बारी आसंल तर मी दारं धरते. तुमी काय ते एकदा सांगा."

साहेबाला मराठी फारसं कळत नव्हतं. पण ढेकूळ कुठं पडलं की पाणी कुठं जातं, हे आता त्याला नीट कळलं होतं. बाईसाहेबांनी दुसरी चप्पल काढून हातात घेतली. साहेब नानासाहेबांकडं बघायला लागला. करार त्याच्या खिशात होता.

नानासाहेबांनी ढेकळाकडं पाहिलं. सोफ्याकडं पाहिलं. मग दत्तोबाकडं आणि त्याच्या मागच्या हजार तोंडांकडं पाहिलं.

"तुमची बारी हाय, वयनी," ते म्हणाले.

"भोंग्यात म्हना," दत्तोबा बोलला. "माझं कान गेल्यात."

"दुर्गाबाईची बारी हाय," नानासाहेब माइकमध्ये म्हणाले, आणि पलीकडून वाकडनंही तेच सांगितलं.

"आज अक्षय तृतीया," दत्तोबा खाली बसता बसता म्हणाला. "आज दिल्यालं संपत न्हाई. नानानंच सांगितलंय."

दुर्गाबाईनं ढेकूळ बाजूला टाकलं आणि शेवटच्या सरीपर्यंत पाणी नेलं. मग ती बांधावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. लोकांना वाटलं दमली असेल. मला ठाऊक होतं की ती दोन वर्षांचं रडतेय. मीही रडले, पण मला निदान भेळेतल्या तिखटाचं निमित्त होतं.

बाईसाहेबांना तो वांग्यांचा भाग कार्यक्रमातलाच वाटला. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि नानासाहेबांसाठी आणलेल्या दोन हारांतला एक काढून त्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाईला द्यायला सांगितला. सयाजीच तो घेऊन गेला. करारही दोन दिवसांनी झाला, दर चारातल्या तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी कंपनीनं कुणाचं पाणी घ्यायचं ते साहेबानं विचारलं, तर सगळे दुर्गाबाईचं नाव सांगायला लागले.

घरी जाताना बरकत माझ्यापुढं चालत होता. कंपनीत पर्मनंट झाल्याचं साहेबानं त्याला तिथंच सांगितलं होतं, पाण्याला वाट काढल्याबद्दल. दाराशी आल्यावर तो थांबला.

"झुलेखा, तुला आज चौथी बारी हाय हे ठाऊक व्हतं?"

"मला?" मी म्हटलं. "मी भेळ खात होते."

अंधारात मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि माझे कान त्याला दिसत नव्हते हे बरंच झालं.

चार दिवसांनी दिवस उगवायच्या आत सयाजी दुर्गाबाईच्या दाराशी उभा होता. डोकीवरचं मुंडासं हातात घेऊन तो म्हणाला, "वयनी, आज तुमची बारी. नानासाहेबांनी इचारलंय, इंजिन लावू का?"

दुर्गाबाईनं त्याला चहा दिला, खोरं खांद्यावर घेतलं आणि ती वावराकडं निघाली. वांग्यांना नवी फुलं आली होती. जांभळीच होती, पण आमच्या गावात पुढची कित्येक वर्षं लोक दुर्गाबाईची वांगी चौपाटीची म्हणूनच मागायचे.